फियाटचा चातुर्मास

सोनगीर,
१२ जुलै २०२५

पारस,

रामराम मागाहून. आधी मला सांग, ही जयणा कोण आणि ती येणार कधी?

मंगळवारी तू गाडी आणून माझ्या शेडमध्ये लावलीस आणि तुझ्या झुंबरवहिनीने ठेवलेला चहा न घेताच जळगावला जायला एसटी धरलीस. सांगितल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा आलास, त्याचंही कारण सांगितलं नाहीस. मागे राहिली ती डॅशबोर्डच्या कप्प्यातली तुझी चिठ्ठी. ‘चातुर्मासात चार महिने गाडी बंद राहील. इंजिन नीट सांभाळून ठेवणे. सर्व काम जयणेनेच करावे.’

आता धुळ्यात चव्वेचाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस मी. तुझ्या फियाटचं बोनेट अठ्ठ्याऐंशी सालापासून माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नाही. आणि तू लिहितोस की काम दुसऱ्या कुणी करावं! राग आला, पण गिळला. म्हटलं, असेल तुझ्या नात्यातली एखादी शिकलेली पोरगी, हल्ली मुलीही मेकॅनिक होतात. बुधवारी झुंबरने तिच्यासाठी म्हणून कांदा-लसूण न घालता वरण-बट्टी केली. गुरुवारी पुन्हा केली. शुक्रवारी ती वैतागून म्हणाली, “कोणती जयणा शे ती? येस का नही येस?” जयणाबाईंचा पत्ता नाही. तीन दिवस माझ्या तोंडाची चव गेली ती वेगळीच.

तिला यायचं नसेल तर पुढचं काम मी सुरू करतो. पण मला नक्की सांग, चारच महिने ना? कारण महिनाभर उभी करायची तर बॅटरी काढली की झालं. चार महिने, तेही पावसाळ्याचे, म्हटलं की जुनं ऑइल काढून (ते मी मंगळवारी चिठ्ठी सापडायच्या आधीच काढलंय) नवं भरायचं, पेट्रोलचं काय ते ठरवायचं, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं, नाहीतर आतून गंज धरतो. त्याहून जास्त दिवस असतील तर वेगळाच खटाटोप.

आणि डावा मडगार्ड चेपलाय, हेडलाइटची रिंगही वाकलीय. हे कुठे?

फोन केला तर रोनकने उचलला. म्हणाला, बाबांनी चार महिने वाहन सोडलंय आणि मोबाइलही सोडलाय. वाहनाचं समजलं, पण मोबाइलने तुझं काय बिघडवलं होतं? त्यामुळे मला या वयात पोस्टाची पेटी शोधत फिरावं लागतंय. ती गावात एकच उरलीय आणि तिचं तोंड गंजलंय.

भिकन


जळगाव,
१८ जुलै

भिकन,

जय जिनेंद्र म्हणतो, कारण तुझं पत्र वाचून तोंडात दुसरंच काही येत होतं.

जयणा ही बाई नाही. जयणा म्हणजे कुठलंही काम करताना मुंगीसुद्धा चिरडली जाऊ नये एवढी काळजी. सोनगीरच्या शाळेत पहिलीपासून माझ्या शेजारी बसलास, साठ-पासष्ट वर्षं माझ्या घरी जेवतोस, आणि हा शब्द तुझ्या कानावर कधी गेला नाही? तुझं पत्र तुझ्या वहिनीला, पानबाईला वाचून दाखवलं. ती हसून हसून पाटावरून उठेना. मला मात्र हसू आलं नाही.

आता नीट ऐक. चातुर्मासात जीवजंतू फार होतात, म्हणून तर आमचे साधू एका जागी थांबतात आणि आम्ही वाहन सोडतो. तेव्हा बोनेट उघडण्याआधी हलक्या हाताने झटकायचं. एअर फिल्टरमध्ये पाल, कोळी, काही असेल तर त्याला आपणहून जाऊ द्यायचं. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत. उंदराचं औषध तर नावच काढू नकोस. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधशील ते आत कुणी नाही हे पाहून.

तुला वाटेल, दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं चालू केली की एवढं करायलाच नको. ते चालणार नाही. आमचा नियम तीन पदरी असतो. स्वतः करायचं नाही, दुसऱ्याकडून करवायचं नाही आणि केलेल्याला बरं म्हणायचं नाही. तू सेल्फ मारलास तर दोष मला.

मडगार्ड बंगल्याच्या गेटला लागला. त्यात विचारण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. ५ नोव्हेंबरला कार्तिकी पौर्णिमा. ६ तारखेला सकाळी मी सोनगीरला येईन आणि माझ्या हाताने किल्ली फिरवीन. तेव्हा इंजिन चालू झालंच पाहिजे. का, ते आता विचारू नकोस. आयुष्यात तुझ्याकडे हट्ट केला नाही, हा एक करतोय.

पारसमल


सोनगीर,
३० जुलै

पारस,

तुझ्या जयणाबाईंनी माझा जीव काढलाय.

एअर फिल्टरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीची घरं केली होती. गॅरेजच्या दिवसांत मी स्क्रूड्रायव्हरने एका फटक्यात काढली असती. आता तुझ्यासाठी स्टूल टाकून बसलो आणि ती कधी उडून जाते ते बघत राहिलो. आठ दिवस! गावातले लोक येऊन विचारायचे, “आबा, काय करी ऱ्हायनात?” काय सांगू? माशीच्या बाळंतपणाला बसलोय म्हणून सांगू? शेवटी माझी सून दिपमाला आली, ती घरं पोस्टकार्डाने अलगद सोडवली आणि कडुनिंबाच्या खोडाशी नेऊन ठेवली. तिला या कामात माझ्याहून जास्त गती आहे. तिचा हात स्थिर आहे, माझा आता पाना धरला की थरथरतो.

उंदरांनी मागच्या सीटचा काथ्या ओढून काढलाय. औषध नको म्हणालास. मांजर पाळली तर चालेल, की तिनं धरलेला उंदीरही तुझ्याच माथी? ते महाराजसाहेबांना विचारून कळव. इथे शेडचा पत्रा गळतो. बोनेटच्या बरोबर वर गळतो, म्हणून मी ताडपत्री टाकलीय.

काम असं झालंय: जुनं ऑइल इंजिन गरम असतानाच काढायचं असतं, ते तू आलास त्याच दिवशी तू गेल्यावर काढलं. काळं ढुस्स होतं. नवं भरलं. बॅटरी काढून माजघरात पाटावर ठेवलीय, झुंबर तिला रोज शिव्या देते. गाडी चार विटांच्या थप्प्यांवर उचलली, चाकं अधांतरी. राहिलं पेट्रोल. पूर्वी आपण टाकी गच्च भरून ठेवायचो, म्हणजे आत ओल धरत नाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते स्वतःच पाणी ओढतं आणि कार्बोरेटरमध्ये चिकट खळ साचते. मी म्हणतो, सगळं काढून टाकू. तुझी गाडी, तू सांग. ते ठरलं की मग प्लग काढून सिलिंडरला ऑइल पाजतो.

आणि पारस, तुझं अक्षर. शाळेत तुझी वही फळ्यावर टांगायचे. या पत्रात ओळी एकमेकींवर चढल्यात. ‘सायलेन्सर’ तर अर्धा पानाबाहेर गेलाय. डोळे ठीक आहेत ना?

भिकन


जळगाव,
९ ऑगस्ट

भिकन,

पेट्रोल काढून टाक. मांजर चालणार नाही.

माझे डोळे ठीक आहेत. इथल्या खोलीत उजेड कमी आहे आणि पेन भिकार आहे. तुला गाडी पाहायला दिली आहे, मला नाही.

कुंभारीण माशीला आठ दिवस लागले म्हणून एवढं पान खरडलंस. ते वाचून वाटलं की तुला काम जड झालंय आणि तू अंग काढून घ्यायची वाट शोधतोयस. तसं असेल तर सरळ लिही. धुळ्यात देवपूरला दुसरे मेकॅनिक आहेत. मी राग मानणार नाही.

रोनकने परवा तुझा नंबर मागितला. कशाला, ते बोलला नाही. त्याने काही सांगितलं तर ऐकू नकोस. तो माझा मुलगा आहे, पण गाडी माझी आहे.

पारसमल


सोनगीर,
२० ऑगस्ट

चि. रोनक,

परवा तू फोनवर जे सांगितलंस त्याला मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही, घसा बसल्याचं निमित्त करून फोन ठेवला. म्हणून हे लिहितोय. हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकतो, घरी नेऊ नकोस.

तू म्हणालास, बाबांना काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, उजव्याची कड गेलीय. डॉक्टरांनी मे महिन्यातच गाडी चालवू नका म्हणून सांगितलं आणि ते ऐकत नाहीत. चातुर्मास संपला की पुन्हा धुळ्याच्या रस्त्यावर फियाट काढणार. आणि मग तू म्हणालास, “नाना, ती दिवाळीनंतर सुरूच होऊ नये असं काहीतरी करून ठेवा. ते तुमच्यावर संशय घेणार नाहीत.”

अरे, हेच तर. संशय घेणार नाही.

तू घाबरलायस, ते मला कळतं. मलाही रात्रंदिवस तेच दिसतंय. पण तुला कल्पना आहे का की इंजिन मारायला मला काही करावंच लागणार नाही? पेट्रोल काढून झालंय. प्लग काढून ठेवलेत. आता ऑइल पाजायचं तेवढं पाजलं नाही, वरची ताडपत्री वाऱ्याने सरकली आणि मी ती ओढली नाही, की पावसाळा आपलं काम करील. दिवाळीला इंजिन जाम. लोक म्हणतील, जुनी गाडी, गेली. चव्वेचाळीस वर्षांत मी एकही इंजिन मुद्दाम बिघडवलेलं नाही. समोरचं गिऱ्हाईक शिव्या देत असलं तरी नाही. आणि पहिलं बिघडवायचं ते त्याचं?

उलट बाजूने बघतो तर तो त्या गाडीत बसलेला दिसतो आणि समोरून ट्रक येताना दिसतो.

तुझा रागही येतो. तू त्याच्याशी समोरासमोर का बोलत नाहीस? तुला बापाची भीती वाटते म्हणून मी मित्राशी बेइमानी करायची? मला आठ दिवस दे. काय करायचं ते मला समजत नाहीये.

भिकननाना


जळगाव,
२९ ऑगस्ट

भिकन,

संवत्सरी झाली. दर वर्षीसारखं छापील कार्ड यासोबत आहे: वर्षभरात मनाने, वाचेने, कायेने दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. दर वर्षी तू ते कॅलेंडरच्या मागे खोचतोस आणि हसतोस. या वर्षी नुसतं कार्ड पाठवून भागणार नाही, म्हणून हा कागद जोडलाय.

मागच्या पत्रात तुझ्या कामावरून बोललो, त्याबद्दल क्षमा माग म्हणून कुणी सांगितलं नाही, मीच मागतो. दुसरी क्षमा खोटं बोलल्याबद्दल. मडगार्ड गेटला लागला नव्हता.

त्या मंगळवारी तुझ्याकडे येताना हायवेवरून आत वळलो. डाव्या बाजूने एक बाई शेळीला दोरी धरून नेत होती. मला शेळी दिसली नाही. दोरी दिसली नाही. दोरीचं दुसरं टोक हातात धरलेली बाईसुद्धा दिसली नाही. आवाज झाला तेव्हा कळलं. शेळी उडाली, दोरीच्या हिसक्याने बाई तोंडावर पडली. हाताला खरचटलं, एवढ्यावर निभावलं. शेळीचा मागचा पाय मोडला. दोन तास मी त्या बाईजवळ रस्त्याकडेला बसून होतो, ढोरांचा डॉक्टर येईपर्यंत. ती मला पाणी देत होती आणि म्हणत होती, “ऱ्हाऊ द्या बाबा, तुम्ही नका रडू.” तिचं नाव भागाबाई. मी जन्मभर पाणी गाळून प्यालो, आणि हे.

ऊन डोळ्यावर आलं होतं. तेवढंच झालं.

६ नोव्हेंबरचं विसरू नकोस. इंजिन चालू झालं पाहिजे.

पारसमल


सोनगीर,
४ सप्टेंबर

पारस,

मला तुझं मिच्छामि दुक्कडं नको. मला खरं उत्तर पाहिजे.

ऊन डोळ्यावर आलं होतं म्हणे! तू सकाळी दक्षिणेकडून उत्तरेला येत होतास, ऊन तुझ्या उजव्या अंगाला होतं. शेळी डावीकडे होती. मला रोनकने सगळं सांगितलंय, काचबिंदूचं, मे महिन्यातल्या डॉक्टरचं. हे तुझ्या घरात सगळ्यांना माहीत असावं आणि मी, ज्याच्याशी तू पहिलीपासून बोलतोस, तो अक्षरावरून अंदाज बांधत बसावा? आणि वरून तूच मला विचारतोस की काम जड झालं का!

आता माझं ऐक, मलाही पोटात ठेवणं जमत नाही. रोनकने मला गाडी मारून टाकायला सांगितलं. मी नाही म्हणालो नाही. पंधरा दिवस बोनेट आणि प्लगची भोकं उघडी ठेवली. ताडपत्री सरकली होती, मी रोज बघत होतो आणि ओढत नव्हतो. दिपमाला म्हणत होती, “आबा, आते तरी हात लाऊ द्या, बठ्ठं गंजी जाई.” तिच्यावरच ओरडलो. तुझं पत्र आलं तेव्हा आधी संताप आला, मग शेडमध्ये गेलो आणि चारही सिलिंडरमध्ये ऑइल सोडून प्लग बसवले. का बसवले, मला माहीत नाही. हात आपोआप गेला.

पण डिस्ट्रिब्युटरचा रोटर मी काढून घेतलाय. तो अंगठ्याएवढा तुकडा माझ्या खिशात आहे. त्याच्याशिवाय तू दिवसभर सेल्फ मारलास तरी ठिणगी पडणार नाही. ६ तारखेला तू स्टिअरिंगवर बसून रस्त्यावर जाणार असशील तर रोटर मिळणार नाही. मग तू देवपूरचा मेकॅनिक आण नाहीतर दिल्लीचा.

एका शेळीवर भागलं, पारस. मला पुढचं पत्र पाठवायचं तर त्यात एवढंच लिही: पुन्हा गाडी चालवणार की नाही. तोवर मी शेडकडे फिरकत नाही.

भिकन


जळगाव,
१० ऑक्टोबर

भिकन,

अक्षर पाहून दचकू नकोस. हे पत्र माझी नात प्रियल लिहितेय, बोलतोय मी. पाच आठवडे रोज लिहायला बसत होतो. कागदाची कड सापडत नव्हती आणि पोरीसमोर हे बोलायचं धाडस होत नव्हतं. आज ती म्हणाली, आजोबा, मी फक्त लिहीन, ऐकणार नाही. तेव्हा बोलतोय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पुन्हा कधीच चालवणार नाही.

शेळीचं झालं ८ जुलैला. ९ तारखेला चातुर्मास बसला आणि सकाळी मी महाराजसाहेबांसमोर हात जोडून पच्चक्खाण, म्हणजे सोडण्याचा नियम, घेतलं. वाहनात बसणं चार महिने सोडलं. ते घरी सांगितलं. गाडी चालवणं जन्मभरासाठी सोडलं. ते कुणालाच सांगितलं नाही, पानबाईलाही नाही. रोनकला मे महिन्यात मी फार ताठ उत्तरं दिली होती. आता त्याच्यासमोर जाऊन तू बरोबर होतास म्हणायला जीभ उचलत नव्हती.

मग गाडी चालू कशाला पाहिजे, हे तू विचारशील. महाराजसाहेबांनी मला विचारलं, गाडी चालती आहे ना? म्हटलं, हो. ते म्हणाले, मग ठीक. जे आपल्याजवळ नाहीच, किंवा दुसऱ्याने काढून घेतलं, ते सोडलं म्हणता येत नाही. भिकन, डॉक्टर माझे डोळे बंद झाले म्हणतो. रोनक किल्ली लपवायच्या विचारात असतो. दुकान त्याने घेतलं, ते बरोबरच होतं. पण सगळं माझ्या हातातून लोकच काढून घेताहेत. ही एक गोष्ट मला माझ्या हाताने खाली ठेवायची आहे. चालत्या इंजिनासमोर बसून, किल्ली फिरवून, बंद करून. तेवढ्यापुरती सूट मी नियम घेतानाच मागून घेतली. गाडी जागेवरून हलणार नाही.

बंद पडलेल्या गाडीतून मी उतरलो, तर मी काही सोडलं नाही. गाडीने मला सोडलं.

रोटर बसव. रोनकला ६ तारखेपर्यंत काही सांगू नकोस. आणि पंधरा दिवस ताडपत्री न ओढल्याबद्दल तुझ्यावर रागवावं असं मनात येतंय, पण तुझ्या जागी मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

पारसमल
(आजोबांची सही त्यांनीच केली आहे. मी ऐकलं. सॉरी. – प्रियल)


सोनगीर,
१८ ऑक्टोबर

पारस,

इंजिन फिरत नाही.

तुझं पत्र आलं त्या दुपारीच शेडमध्ये गेलो. रोटर बसवला. म्हटलं, आधी हाताने फिरवून बघू. हँडल घातलं, ढिम्म. दिपमाला माझ्याबरोबर लटकली, तरी ढिम्म. प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरमधून तांबडं पाणी आलं. पत्र्याची धार नेमकी त्याच भोकात गेली होती. मी वरून ऑइल ओतलं ते पाण्यावर तरंगलं, आणि महिनाभर मी रागाने तिकडे पाहिलंही नाही. वेळेवर बघितलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं.

कुणाला शिव्या देऊ? रोनकला दिल्या, पावसाला दिल्या, तुझ्या जयणेला दिल्या. उरलो मी. तुझी जन्मातली एक मागणी, आणि ती माझ्याच हाताने गंजली.

डिझेल आणि ऑइल मिसळून तिसऱ्या सिलिंडरमध्ये भरून ठेवलंय. गाडी विटांवरून खाली घेतली, वरच्या गिअरमध्ये टाकून दिपमाला आणि मी पुढे-मागे हलवतो. अजून केसभरही सरकली नाही. जोर जास्त लावला तर पिस्टनची रिंग तुटेल. दिवाळी शेडमध्येच जाणार. झुंबरने बोलणं टाकलंय.

एकोणीस दिवस आहेत. होईल असं मी लिहिणार नाही.

भिकन


सोनगीर,
८ नोव्हेंबर

चि. रोनक,

काल तू फोनवर विचारलंस, नाना, सोनगीरहून आल्यापासून बाबा जेवतात आणि गप्प बसतात, तिथे काय झालं? फोनवर मला सांगता आलं नसतं. प्रियलही सांगत नाही म्हणतोस. शहाणी आहे ती.

आधी एक गोष्ट तुला माहीत नाही ती सांगतो, आता सांगायला हरकत नाही. तुझ्या वडिलांनी ९ जुलैलाच गाडी चालवणं जन्मभरासाठी सोडलंय. तू मला इंजिन मारायला सांगितलंस तेव्हा सव्वा महिना होऊन गेला होता. त्याने तुला सांगितलं नाही, कारण तुझ्यासमोर हार मानायची लाज वाटली. तू त्याला विचारलं नाहीस, कारण तुला भीती वाटली. आणि मी तुम्हा दोघांच्या मध्ये बसून एक चांगलं इंजिन गंजवलं.

ते २ तारखेला सुटलं. केसभर, मग बोटभर, मग पूर्ण फेरा. तिसऱ्या सिलिंडरची रिंग मात्र गेली. खोलून दुरुस्त करायला वेळ नव्हता.

६ तारखेला सकाळी तो प्रियलला घेऊन भाड्याच्या गाडीने आला. फियाटच्या दाराची कडी त्याने चाचपत शोधली. मी पुढे झालो तर हात झटकला. ड्रायव्हरच्या सीटवर बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदाही. मी दिपमालाचा खांदा धरला. तिसऱ्यांदा धरलं. पांढरा धूर, सगळी गाडी हिवताप आल्यासारखी थरथरतेय, पण चालू.

त्याने कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, “भिकन, तीनच सिलिंडर चाली ऱ्हायनात.” मी म्हणालो, उरलेला मी मारला. त्याने मान हलवली.

मग मी वाट पाहत राहिलो. त्याने चोक सोडला, ॲक्सिलरेटरवर हलकेच पाय ठेवला. थरथर कमी झाली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. शेडमध्ये धूर भरला, झुंबर पदर तोंडाला लावून बाहेर गेली. तो बसूनच. डावा हात गिअरवर गेला. रोनक, त्या वेळी मला वाटलं की आता हा टाकतो गिअर आणि निघतो, आणि खरं सांगतो, मला वाटलं जाऊ दे त्याला, एक फेरी मारू दे. पण त्याने हात उचलून मांडीवर ठेवला. किल्लीकडे नेला. परत आणला. असं तीन-चारदा झालं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

शेवटी तो माझ्याकडे तोंड करून म्हणाला, “भिकन, तूच बंद करी दे ना रे.”

प्रियल म्हणाली, नाना, करा ना बंद. दिपमालाही माझ्याकडे बघायला लागली. किल्ली माझ्यापासून हातभर होती. चार महिने सगळ्यांना माझ्याकडून तेच हवं होतं, आधी तुला, आता त्याला. मी दोन्ही हात पाठीमागे धरले. “मी नही करस,” म्हणालो. “तुन्ही गाडी शे. तूच बंद कर.”

तो माझ्यावर ओरडला. शाळेत भांडायचो तेव्हाची शिवी दिली. मीही दिली. मग त्याने किल्ली फिरवली.

खाली उतरल्यावर त्याने किल्ली दिपमालाच्या हातात दिली, गाडीवर हात फिरवला नाही, मागे पाहिलं नाही. झुंबरने चहा आणला तो या वेळी बसून प्यायला.

तू मला जे चोरून करायला सांगितलं होतंस, ते तुझ्या वडिलांनी दिवसाढवळ्या, चालत्या गाडीत बसून, स्वतः केलं. मी आयुष्यात इतका चिडलेला नाही, त्याच्यावर, तुझ्यावर, त्याच्या डोळ्यांवर आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. पण त्याला मी बघितलंय, आणि तू बघितलेलं नाहीस, म्हणून एवढं सगळं लिहिलं.

त्याला आता काही विचारू नकोस, समजूत घालू नकोस, बरं झालं असं तर चुकूनही म्हणू नकोस. त्याला कुठे जायचं असेल तर तू गाडी काढ. आणि त्याला मागच्या सीटवर बसवू नकोस. पुढे बसव.

भिकननाना